घरटी एक

तिरडी बांधून झाली तरी बाबल्या गाठी आवळतच बसला होता. त्याची आई काशी पहाटे गेली. कोरोनाने नव्हे, पंच्याऐंशी वर्षांनी. रत्नागिरीहून आलेला तपासणीचा कागद निगेटिव्ह होता. लेकीने, हेतलने, त्याचा फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकला होता. पण वाडीने आधीच काय ते ठरवलेलं.

माणूस गेलं की घरटी एक जण खांद्याला येणार, हा इथला शिरस्ता. तीस वर्षं वाडीतली प्रत्येक तिरडी बाबल्यानेच बांधली. जाळ्याची गाठ मारायचा, सुटायची नाही.

"किती झाले?" त्याने लेकीला विचारलं.

"एकेचाळीस."

"माणसं?"

"मेसेज, बाबा. वाडीप्रमुखांनी, रावजीकाकांनी लिवलानी, घरटी एक श्रद्धांजली टाका, तीच हजेरी धरू."

फुलं, पणत्या, जोडलेले हात. फुकटात मिळतं ते सगळं आलं होतं.

"तू लिव, माणूस हवा. एकच."

"लिवलं. त्यावर सहा जणांनी अंगठा दिलानी."

बाबल्याच्या बायकोने, गुणवंतीने, पदर खोचला. "उठा आता. भरती चढली की मसणवट्याची वाट बुडेल. आई काय उद्यापर्यंत थांबणार हायत?"

पुढचे दोन बांबू मायलेकींनी खांद्यावर घेतले. मागे बाबल्या एकटा, दोन हातांत दोन बांबू. मास्क घामाने नाकाला चिकटला. वाटेवरच्या खिडक्या आधी धडाधड लागल्या, मग फटीएवढ्या उघडल्या.

रावजींचं दार मात्र सताड उघडलं. साठीतला, धडधाकट गडी. पायात चपला सरकवून खाली उतरला. आला बाबा एक तरी, असं बाबल्याला वाटलं. रावजी शेवटच्या पायरीवर थांबले आणि मोबाइल वर धरला.

"बाबल्या, जरा थांब रे. हललं की फोटो धुरकट येतो."

बाबल्या थांबला. हातांना रग लागली होती.

"काढा काका. फक्त चौथा कोण, तेवढं खाली लिवा."

रावजींनी ऐकलं. फोटो पाहिला. बोटाने तो पुढच्या दोघींपुरता कापला आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "अभिमान आहे आमच्या वाडीच्या लेकीसुनांचा!"

चार पावलं पुढे गेल्यावर हेतलच्या खिशात मोबाइल थरथरला. एकदा, दोनदा, मग सलग. तिचे दोन्ही हात बांबूला होते.