डाव्या हाताचं माप

"डावा हात द्या, ताई," दुकानदार म्हणाला आणि मापाच्या कड्यांचा जुडगा त्यानं काचेवर ठेवला.

पायलनं उजवा हात पुढं केला.

"साखरपुड्याची आहे ना? मग डावा."

तिचा डावा हात मांडीवर, ओढणीखाली होता. शेजारच्या स्टुलावर समर्थ आणि त्याच्या पलीकडं त्याची आई, कस्तुराबाई. काचेवर मखमली ट्रेमध्ये पाच अंगठ्या होत्या. चाळीस हजारांत हिऱ्याच्या एवढ्याच बसत होत्या, आणि प्रत्येकीतला हिरा तिळाएवढा. कस्तुराबाई त्यातली एक चिमटीत धरून दाराकडच्या उजेडात बघत होत्या.

"बारका हाय, पर झळकतोय चांगला," त्या म्हणाल्या.

आईला आणणारच नाही, असं समर्थ म्हणाला होता. साखरपुडा एकदा होऊ दे, मग हाताचं मीच सांगतो घरी, असंही म्हणाला होता. आज सकाळी आईच त्याच्या गाडीवर मागं बसल्या आणि पवनेकाठच्या गावावरून थेट तळेगावात उतरल्या.

"उजव्याच हाताचं घ्या," समर्थ घाईघाईनं म्हणाला. "आता उजव्या हातातपण घालत्यात."

"कोण घालतंय?" कस्तुराबाईंनी अंगठी ट्रेमध्ये ठेवली. "दे गं पोरी हात. लाजती कशाला?"

त्या उठून पायलजवळ आल्या आणि ओढणीखालचा हात त्यांनी हलकेच वर काढला.

करंगळीशेजारचं बोट एका पेरावरच संपत होतं. पुढची दोन पेरं आंबीच्या कंपनीत, पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली होती.

दुकानदारानं नजर खाली वळवली. बघायच्या कार्यक्रमात पायलनं हात पदराखाली ठेवला होता. बोलणी ठरली त्या दिवशीही तसाच. देहूरोडला पप्पांनी त्यांच्या कामावर, डेपोत सगळ्यांना पेढे वाटले होते. आता ही बाई उठून चालू लागणार आणि संध्याकाळी घरी फोन येणार.

कस्तुराबाईंनी हात सोडला नव्हता.

"हे कशानं झालं?"

"मशीननं."

"कवा?"

"मागच्या श्रावणात."

कस्तुराबाईंनी मान वळवून मुलाकडं पाहिलं. "तुला ठावं व्हतं?"

समर्थ ट्रेमधल्या अंगठ्यांकडं बघत राहिला.

"न्हाई," तो म्हणाला.

कस्तुराबाईंच्या भीतीनं पायलला आठवडाभर झोप नव्हती. ही भीती निराळी होती, आणि हिच्यासाठी तिनं मनाची काहीच तयारी केली नव्हती. तो अडखळलासुद्धा नव्हता. उद्या त्या घरात तिच्यावर काही आलं, तर हा असाच बसेल, मान खाली घालून.

ती समर्थकडं बघत होती. तो वर बघेना.

"मावशी," ती म्हणाली. "मी आठ दिवस दवाखान्यात होते. रोज दुपारी मला डबा यायचा. तो कोण आणायचं, ते विचारा त्यांना."

"डबा?"

कस्तुराबाईंनी पुन्हा मुलाकडं पाहिलं. मग सावकाश म्हणाल्या, "कंपनीतला मित्र दवाखान्यात हाय, त्याचं हितं कुणी न्हाई, असं ह्यो म्हणाला, म्हणून मी रोज दोन भाकरी जास्ती थापत व्हते."

"आई, मी सांगणारच व्हतो—"

"तू गप." त्या पायलकडं वळल्या. "कारल्याची भाजी दिलती एक दिवस. खाल्लीस?"

"खाल्ली."

"सगळी?"

"हो."

कस्तुराबाईंनी तिचा हात अलगद काचेवर ठेवला. मुलाकडं न बघता म्हणाल्या, "तू भाईर जाऊन उभा ऱ्हा. गाडीपाशी."

"अगं आई, अंगठी…"

"अंगठी आमी दोघी बघतो."

समर्थ उठला. काचेचं दार उघडलं तसा रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत आला आणि दार लागल्यावर थांबला. दुकानदार उगाचच मागच्या कपाटातलं काहीतरी शोधू लागला.

कस्तुराबाई मुलाच्या रिकाम्या स्टुलावर बसल्या. दुकानदाराला ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलू लागल्या.

"मनानं वाईट न्हाई माजा पोरगा. भित्रा हाय. बापावर गेलाय. सासू माज्यावर धावून आली का त्यो माणूस गोठ्यात जाऊन बसायचा. अठ्ठावीस वर्सं मी एकटीच बोलत आलेय."

पायलनं बाहेर पाहिलं. समर्थ गाडीला टेकून उभा होता, दुकानाकडं पाठ करून.

"तुला जमंल का असल्यासंगं?" कस्तुराबाईंनी विचारलं. "न्हाई म्हणालीस तरी मी तुला बोल लावणार न्हाई. तुज्या पप्पांला मी सांगंन."

दुकानदार परत काचेशी आला. त्यानं मापाचा जुडगा उचलला. "मग, घेऊ का माप?"

"दमा जरा," कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांनी अंगठ्यांचा ट्रे हातानं बाजूला सारला आणि पायलकडं बघत बसून राहिल्या. "आदी तिचं ठरू द्या. हिऱ्याचं मग बघू."