लाल ठिगळ

दारात उभ्या मुलाच्या नखांना काळं नेलपॉलिश होतं आणि अंगात बाबांचा मखमली कोट होता. बाबा गेल्यापासून तो कपाटात नव्हता.

"हा तुझ्याकडे कसा?" मी विचारलं.

"माझाच आहे, ताई. सर सॅक्सोफोन वाजवताना घालायचे, तसा शिवून घेतलाय. आमचा अख्खा बँड घालतो."

माझा विश्वास बसेना. मी त्याचं कोपर वळवलं. तिथे तेच लाल ठिगळ होतं. "आणि हे?"

"ती तर सरांची स्टाइल!"

"कसली स्टाइल? मीच इस्त्री करताना जाळला होता," मागून आई म्हणाली.

ती आत गेली आणि आपल्या उशीखालून बाबांचा कोट घेऊन आली. दोन्ही ठिगळं तिने शेजारी-शेजारी धरून पाहिली.

"टाके फार मोठे घातलेत रे. काढ इकडे, नीट करते. बाकीच्यांचेही आण."