मताईंच्या गुडघ्याची तयारी

सामोआच्या राजधानीत, आपियाच्या इस्पितळात परदेशी सर्जन यायचे होते आणि घराण्याचे प्रमुख, मताई पेनिआमिना, यांचा गुडघा बदलायचा होता. "तोवर तीन महिने व्यायाम करून पाय मजबूत करा," नर्सने बजावलं.

देवाचं नाव घेऊन मताई कामाला लागले. रोज दोन्ही वेळा घराच्या ऐन मध्यावर चटई अंथरायची आणि बसून पाय ताणायचा. आता मताई खाली बसलेले असताना समोरून ताठ चालणं म्हणजे सामोआत महापाप. म्हणून चहा आणणारी सून लूपे कमरेत वाकून यायची, पंखा घेऊन मुलगा वाकून यायचा, उशी सरकवायला बायको वाकून यायची. दिवसाला चाळीस-पन्नास खेपा.

"मामंजी, खुर्चीवर बसून केलात व्यायाम तर?" लूपेने एकदा वाकल्यावाकल्याच विचारलं.

"घाम मी गाळतोय. तुम्हाला नुसतं ये-जा करायला काय होतंय गं?"

तपासणीच्या दिवशी नर्सने पाय दाबून पाहिला. "लोखंड झालंय अगदी. आता एकच राहिलं. ऑपरेशननंतर तुम्हाला उचलून उभं करायला घरचं धडधाकट माणूस हवं, नाहीतर यादीतून नाव कापावं लागेल. कोण आहे?"

मताईंनी ऐटीत मागे हात केला. "एक सोडून तीन आहेत."



मागे बायको, मुलगा आणि सून, तिघंही कटीवर हात ठेवून उभी होती. सरळ मात्र त्यांतल्या एकालाही होता येत नव्हतं.