हयातीचा दाखला

बारा वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नासाठी भरून घेतलेले मालतीबाई धामणस्करांचे गाल दिवाळीपासून स्वतःच्या मताने वागू लागले होते. तरी पेन्शन थांबू नये म्हणून त्या हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेल्या. यंत्राने चेहरा निरखला आणि पडद्यावर नाव आलं: कुमुद रेगे, मृत.

“ही कोण बया?”

“तुमच्या गालांत हिच्याच पेशी भरल्यात, काकू,” कारकून म्हणाला. “त्या आता आपल्या मालकिणीचा चेहरा बांधतायत. सकाळपासून तुम्ही चौथ्या.”

“अहो, पण मी मालती आहे. जिवंत आहे.”

“त्या तिघीही आधी असंच म्हणत होत्या.”

बाकावर हुबेहूब त्याच चेहऱ्याच्या तिघी बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा केली.

“ये कुमुद, बस.”

“आले,” मालतीबाई म्हणून गेल्या.