आता तरी उतार

रेश्माने पाय टेकला. या चढावर सहाव्यांदा. सायकल कमरेला टेकवून ती उभी राहिली आणि स्वतःचे श्वास मोजू लागली.

मागून काही येण्याची भीती नव्हती. दोन वर्षांपूर्वी हमरस्त्यावर एका डंपरने तिला मागून उडवलं होतं. डाव्या गुडघ्यात दोन स्क्रू बसले. हाड सांधलं, पण मागे गाडीचा आवाज आला की तिचे हात अजूनही हँडलवर आखडायचे. म्हणून तिने अकोले तालुक्याच्या डोंगरातला हा रस्ता निवडला होता. श्रावणात खालची मोरी वाहून गेली आणि जीप, टेम्पो, दूधवाल्याची मोटारसायकल, सगळंच बंद झालं. सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडता येत होता. सकाळपासून दिसलेली वाहनं: शून्य. खाचरांतल्या भातावरून वारा गेला तर तेवढाही आवाज ऐकू येत होता.

आज खिंड गाठायची, एवढंच ठरलं होतं. नाही जमलं तर सायकल विकायची. उद्या सकाळी दहाला गिऱ्हाईक नगरच्या घरी येणार होतं, आणि आईने त्याच्यासाठी कांदेपोह्यांचा बेतही करून ठेवला होता.

मोबाईलला रेंज नव्हती, नकाशा उघडत नव्हता. तिने गुडघ्याचा अंदाज घेतला. अजून अर्धा किलोमीटर, फार तर. पुढे उतार असेल तर निभेल. चढ असेल तर इथूनच परत.

वळणावर एकच घर होतं. दारात एक म्हातारी पातेल्यावर फडकं पिळत बसली होती. कडूबाई तिचं नाव, हे रेश्माला नंतर कळलं.

"मावशी," रेश्माने धापा टाकतच विचारलं, "आता तरी उतार आहे का हो?"

म्हातारीचे हात थांबले. तिने रेश्माकडे अशी नजर लावली की रेश्माला वाटलं, आपण काही चुकीचं बोललो.

"हाय गं बाय," ती म्हणाली. "उतार हाय. लई चढला हुता. आता उतार हाय बघ." आणि तिने पदराने डोळे टिपले.

चुलीच्या धुराने असेल, रेश्माला वाटलं. म्हातारी आत गेली आणि हाताएवढ्या जाड काकडीची फोड मीठ लावून घेऊन आली. "खा. वाळली बघ पार. तुझ्या आयनं सोडली कशी तुला एकटी?"

"सोडली नाही. मीच निघाले."

"मंग बरूबर हाय," म्हातारी हसली.

काकडी संपवून रेश्मा निघाली. वळण पार केलं. समोर चढ होता.

हे वळण नसेल, पुढचं असेल, तिने स्वतःला समजावलं. पुढच्या वळणानंतर चढ जास्तच उभा झाला. पण म्हातारी इथेच राहते, तिला ठाऊक नसणार तर कुणाला? आणखी एक वळण. रेश्माने सगळ्यात हलका गिअर टाकला. रस्त्याच्या कडेने सोनकीची पिवळी फुलं इतक्या संथपणे मागे सरकत होती की पाकळ्या मोजता आल्या असत्या. चौथ्या वळणावर ती मोठ्याने म्हणाली, "मावशी, कुठंय तुमचा उतार?" ऐकायला कुणी नव्हतं. पाय मात्र फिरत राहिले, कारण उतार आता कुठल्याही क्षणी लागणार होता.

लागली ती खिंड.

रेश्मा उतरली आणि रस्त्याच्या मधोमध बसली. कुणाच्या वाटेत येण्याचा प्रश्नच नव्हता. पलीकडे डोंगरांच्या रांगा निळ्या होत गेल्या होत्या आणि अगदी तळाशी धरणाचं पाणी चमकत होतं. तिने मीटर पाहिला. त्या घरापासून दोन पूर्णांक तीन किलोमीटर, आणि त्यात उताराचा एकही मीटर नाही. खरं कळलं असतं तर ती त्या दारातूनच परत फिरली असती. उद्या दहा वाजता पोहे गिऱ्हाइकाला द्यायचे, सायकल नाही.

परतताना ती घराशी थांबली. म्हातारीशी भांडायचं, असं तिने सगळ्या उतारावर घोकलं होतं. तोंड उघडायच्या आत कडूबाईने तिचं मनगट धरलं आणि तिला ओढतच घरात नेलं.

"अवं, बसा उठून. ती पोरगी आली."

आत घोंगडीवर एक म्हातारा पडला होता. त्याने कुडाला हात लावून उठायचा प्रयत्न केला.

"असू द्या बाबा, झोपा," रेश्मा म्हणाली.

"नऊ दिस ताप हटंना ह्यांचा," कडूबाई सांगत होती. "आशाताई बिचारी चालत येऊन गोळ्या देऊन गेली. दवाखान्यात न्यावं तर जीप न्हाई. आज पहाटं घाम आला, तवा माझ्या जिवात जीव."

म्हाताऱ्याने रेश्माकडे निरखून पाहिलं. "कुनाची गं ही? वळकीची न्हाई."

"न्हाईच वळकीची," कडूबाई म्हणाली. "मोरी गेली तवापासनं सोयरंधायरं कुनी फिरकलं न्हाई वर. अन् ही कोन कुठली, सायकल सोडायच्या आदी तिनं तुमच्या तापाचं इचारलं."