सतरा पेट्यांची चढण

पुलावर दोरी बांधली होती. दहानंतर येणारा सायकलवाला बाद, म्हणून ती बरोबर दहाला बांधायची ठरली होती, आणि आता दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. टपालवाली सायकलवरून उतरली, दोरीखालून सायकल काढली आणि पलीकडे जाऊन पुन्हा सायकलवर बसली.

"आई! अहो आई!" मागून हॉर्न वाजला. "पूल बंद झालाय!"

सायकलफेरीच्या शेवटी एक गाडी असते. मागे पडलेल्याला आत घ्यायचं, त्याची सायकल टपावर बांधायची, छातीवरचा नंबर काढून घ्यायचा आणि यादीत नावापुढे 'बाद' लिहायचं, एवढंच तिचं काम. सायकलवाले तिला झाडूगाडी म्हणतात. आज ती टपालवालीचा जावई चालवत होता. सासूला झाडून न्यायची वेळ कुठल्याही जावयावर येऊ नये, पण याच्यावर आली होती खरी.

यंदाचा नवा नियम असा, की साठीपुढचं माणूस एकदा बाद झालं की त्याला पुढच्या वर्षापासून प्रवेश नाही. फॉर्म देतानाच फेरी भरवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले होते, "काकू, नदीकाठचा सपाट रस्ताही छान आहे की." पहिली नदी, मधल्या लहान लहान टेकड्या, दुसरी नदी आणि मग खिंडीपर्यंत नऊ किलोमीटर चढण, असा रंगीत नकाशा मंडळाने छापला होता. तो तिच्या टपालाचा रस्ता होता. एकतीस वर्षं ती खांद्याला पिशवी अडकवून त्या रस्त्याने वर गेली होती, आणि आता तिला तिथे यायला परवानगी लागणार होती.

गाडी तिच्या बरोबरीने चालू लागली. जावयाने काच खाली केली.

"आई, नंबर तेवढा द्या. बाकी मी काही म्हणत नाही."

"सहीशिवाय कुणाच्या हातात काही द्यायची मला सवय नाही, जावईबापू."

"सही? कसली सही?"

"वर गेल्यावर बघू."

चढण लागली तशी तिने मान खाली घातली. खिंडीकडे बघायचं नाही, हा तिचा जुना नेम. बघायचं ते पुढच्या पेटीकडे. इथली घरं आत डोंगरात, म्हणून त्यांच्या टपालपेट्या रस्त्याच्या कडेला खांबांवर बसवलेल्या. पुलापासून खिंडीपर्यंत अशा सतरा. एका पेटीपासून दुसऱ्या पेटीपर्यंत कुणीही चढेल, त्यात काय मोठंसं.

पाचव्या पेटीला तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. आठवीला ती उतरली आणि सायकल हाताने ढकलू लागली.

"उतरलात ना!" जावयाला हायसं वाटलं.

"पेटी आली की मी उतरतेच."

तेवढ्यात गाडीत मुलीचा फोन वाजला. "अहो, आईला सरळ उचलून आत घाला!" तिचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला.

"तूच ये आणि उचल," जावई म्हणाला. टपालवालीला हसू फुटलं, आणि होता नव्हता तो दम त्या हसण्यात गेला.

बाराव्या पेटीशी पाय थांबले ते थांबलेच. खांबाला धरून ती उभी राहिली. घसा कोरडा पडला होता. जावयाने मागचं दार उघडलं. आत सावली होती, मऊ सीट होती, पाण्याची बाटली होती. तिला बसावंसं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बसावंसं वाटलं.

आत एक पस्तिशीचा दंतवैद्य बसला होता. तो पहिल्याच टेकडीवर बाद झाला होता. त्याच्या छातीवर आता नुसत्या चार टाचण्या राहिल्या होत्या. तो जरा सरकला आणि जागा करून देत म्हणाला, "या काकू. आपल्यासारख्यांचं काम नाही हे."

टपालवालीला राग आला. मनापासून आला, अगदी पोटऱ्यांपर्यंत उतरला. तिने आत हात घालून पाण्याची बाटली घेतली, अर्धी प्यायली, परत सीटवर ठेवली आणि दार बाहेरून लावून टाकलं.

तेरा. चौदा. पंधराव्या पेटीपर्यंत ती चालतच गेली. सोळावीनंतर पुन्हा सायकलवर बसली. मागे गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत येत होती. हॉर्न मात्र आता वाजत नव्हता.

खिंडीत फेरीच्या शेवटाची कमान उरली नव्हती. दोन माणसं तिचं कापड घडी करत होती. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा घडी घालू लागली. टपालवाली त्यांच्या मधून पुढे गेली. शंभर पावलांवर सतरावी पेटी होती. तिच्यापाशी उतरून तिने पेटीवर हात ठेवला. पत्र टाकून झालं की ठेवायची तसाच.

जावई गाडीतून उतरला. त्याच्या एका हातात यादी होती, दुसऱ्यात पेन. यादीत टपालवालीच्या नावापुढची जागा अजून कोरी होती. पुलावरच भरायची होती, पण त्याचा हात धजला नव्हता.

"आई, आता तरी..."

"देते की."

तिने टाचण्या काढल्या. नंबर उलटा करून पेटीच्या झाकणावर पसरला, जावयाच्या हातातलं पेन घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'पोचली.' खाली एक रेघ ओढली. मग पेन आणि नंबर दोन्ही त्याच्यापुढे धरले. एकतीस वर्षं दारोदार रजिस्टर पत्राची पावती सहीसाठी धरली होती, त्याच हाताने.

जावयाने त्या शब्दाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने यादी काखेत मारली आणि पेन घेतलं.

"रेघेवर," ती म्हणाली. "स्वच्छ अक्षरात सही करा. आणि वेळ घाला. तुमच्याच घड्याळातली."