उपग्रह खरा की बाबा

"तळ दिसतोय," बाबा फोनवर म्हणाले. "तबकडी पार खाली टेकली तरी दिसतेय. पाणी म्हणजे नुसती काच."

लेकीने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. उपग्रहाने सकाळीच टिपलेल्या चित्रात तेच खाजण वाटाणे उकडलेल्या पाण्यासारखं हिरवं झालं होतं. नक्की दिसतेय ना, असं तिने चाचरत विचारलं, तेव्हा बाबा दुखावले. उभी हयात वजनमापं तपासण्यात घालवलेल्या माणसाला हे विचारायचं?

तिचं काम तसं सरळ होतं. वरून दिसणाऱ्या रंगावरून खाजणाचं पाणी किती स्वच्छ, किती शेवाळलेलं ते ठरवायचं. पण चित्रावर आंधळा विश्वास ठेवून भागत नाही. उपग्रह डोक्यावरून जाईल त्या दिवशी कोणीतरी होडीतून जाऊन पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती कुठवर दिसते ते कळवायचं. हे काम तिने हट्टाने बाबांना मिळवून दिलं होतं. आई गेल्यापासून ते खाजणाकाठच्या घरात एकटे होते. या निमित्ताने माणूस घराबाहेर पडेल, दोन शब्द बोलेल, एवढाच तिचा स्वार्थ. साहेबांनी नाक मुरडलं, तेव्हा तिने छातीठोकपणे सांगितलं होतं की माझे बाबा एक वेळ उपाशी राहतील, पण खोटं माप सांगणार नाहीत.

आणि बाबा खरंच खुलले होते. खोकला पळाला होता, फोनवर विनोद सुचू लागले होते. पूर्वी वारा इतका घोंघावायचा की अर्धं बोलणं तर्काने जुळवावं लागे. आता शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू यायचा. नवा फोन बाबांना लाभला, असं ती सगळ्यांना सांगत असे.

फक्त मापं जुळेनात. गेले दोन महिने उपग्रह हिरवं म्हणे आणि बाबा काच म्हणत. साहेबांचा धीर शेवटी सुटला.

"उपग्रह खरा की बाबा, ते सोमवारपर्यंत ठरवा," ते म्हणाले. "नाहीतर हा प्रकल्प गुंडाळू."

इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार म्हणून तिला जेवण गोड लागेना. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. डोळे! बाबांना मोतीबिंदू झाला असणार. दिसत नाही हे कबूल करायचं जिवावर येतं, म्हणून ठोकून देतात. तिला हसूही आलं आणि भरूनही आलं. तिने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ ठरवली आणि रविवारी सकाळची बस पकडली. बाबांना मुळीच रागवायचं नाही, हे तिने वाटेतच ठरवून टाकलं.

धक्क्यावर उतरताच तिने पाणी पाहिलं. दाट, हिरवंगार, वीतभर खालचंही काही दिसत नव्हतं. तिचा उपग्रह खरा होता! आजूबाजूला कोणी नाही असं बघून तिने तिथेच एक गिरकी घेतली.

घराला कुलूप होतं. आज उपग्रहाची फेरी होती, म्हणजे बाबा तबकडी घेऊन गेले असणार. ती मागच्या बाजूला गेली. होडी काठावर पालथी पडली होती आणि तिच्याखाली एका मांजरीने पिल्लांसकट संसार मांडला होता.

या वयात एकटे, नजर अधू, आणि होडीही इथेच. तिने घाईघाईने फोन लावला. दुसऱ्याच घंटेला बाबांनी उचलला.

"बाबा, कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? होडीत. आत्ताच तबकडी सोडली. तळ अगदी स्वच्छ दिसतोय."

ती त्या पालथ्या होडीवर बसली. तोच बाबांच्या मागून एका बाईचा हसरा आवाज आला.

"अहो, तिसऱ्या मजल्यावर कसली आलीय होडी? लग्नाला दोन महिने झाले, आता तरी सांगून टाका लेकीला."